बोरूचा चाकू आणि त्याची मूठ

आमच्या घरात भाजी कापत नाहीत, सुधारतात. मारवाडीत ‘साग सुधारणो’ म्हणतात, गुजराती शेजारणीही ‘शाक सुधारवुं’ म्हणते. लग्न होऊन नंदुरबारला आले तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आमच्या बाईंनी, पहिल्याच आठवड्यात मला हा शब्द दिला. मी म्हटलं, “बाई, दुधी कापून ठेवला.” त्या म्हणाल्या, “कापला नको म्हणू, सुधारला म्हण.” काम तेच, चाकू तोच, दुधीचं व्हायचं तेही तेच. पण हातात धार घेताना जिभेने तरी तिची आठवण ठेवावी, एवढाच त्यामागचा भाव. अष्टमी-चौदसेला हिरवी भाजी नाही, चौमासात पालेभाजी नाही, जमिनीखालचं तर कधीच नाही, असं सगळं सांभाळणाऱ्या घरात चाकू ही वस्तू असतेच, पण जरा संकोचून असते.

आता अशा घरात ज्या चाकूची मूठच हाडाची आहे, त्याचं काय करायचं? गेल्या पावसाळ्यात हा प्रश्न आमच्याकडे आला आणि दिवाळीपर्यंत मुक्कामाला होता.

आषाढात माडीवरचं छत गळायला लागलं म्हणून वरचं सामान खाली काढलं. जुन्या वह्या, लाल कापडाच्या, दोरीने बांधलेल्या. काहींवर गावाच्या नावापुढे ‘पश्चिम खानदेश’ लिहिलेलं, नंतरच्यांवर ‘जि. धुळे’. आपला जिल्हा वेगळा झाला 1 जुलै 1998 ला, तोवर आमची पेढी हातवहीवरून कॉम्प्युटरवर गेली होती. वह्यांच्या मागे पत्र्याचा एक डबा होता. त्यात वाळलेले बोरू, दगडी दौत आणि तीन चाकू.

बाबूजींना आता दिसतं कमी. चौऱ्याऐंशी वर्षं झाली. डबा त्यांच्या मांडीवर ठेवला तर त्यांनी बोटांनी चाचपून एक चाकू बाजूला काढला. म्हणाले, “हा कलमतराश. बाकीचे कुणाचे कोण जाणे, हा माझा.”

तरुण वाचकांसाठी सांगते. टाक आणि फाउंटन पेन येण्याआधी, आणि पेढ्यांवर तर त्यानंतरही कितीतरी वर्षं, लिहायचं ते बोरूने. बोरू म्हणजे एक जातीचा पोकळ वेत. त्याचं टोक तिरकं तासायचं, मधोमध चीर द्यायची, मग टोक आडवं छाटायचं. लिहिता लिहिता ते झिजतं, मऊ पडतं, की पुन्हा तासायचं. ह्या कामासाठी लहान, पातळ पात्याचा, मिटणारा चाकू लागतो. इंग्रज लोक असल्या छोट्या चाकूला अजून ‘पेननाइफ’ म्हणतात ते ह्याच कारणाने. त्यांच्याकडे पिसाची लेखणी तासायची असे, आपल्याकडे बोरू. बाबूजी पंधराव्या वर्षी गादीवर बसले. पहिलं वर्षभर त्यांना वही लिहायला मिळाली नाही, फक्त मुनीमजींचे बोरू तासायचे. मिरचीच्या हंगामात पहाटेपासून गाड्या लागायच्या, पथारीवर लाल गालिचे पसरलेले, नाका-डोळ्यांतून पाणी, आणि हा पोरगा कोपऱ्यात बसून वेत तासतोय. चाकू त्यांच्या आजोबांचा. सुरतेहून आणलेला, असं ते सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे. 1900 च्या सुमारास तापी खोऱ्यातली रेल्वे सुरतेहून नंदुरबारवरून अमळनेरपर्यंत आली आणि विलायती माल आपल्या बाजारात सहज यायला लागला.

गंज थोडा निघाल्यावर पात्याच्या बुडाशी शिक्का दिसला. एक तारा, एक क्रूस आणि ‘रॉजर्स’ अशी इंग्रजी अक्षरं. इंग्लंडातल्या शेफील्डचा हा फार जुना कारखाना, तारा आणि क्रूस ही त्यांची जुनी खूण. त्यांच्या नकलाही भरपूर होत, त्यामुळे आमचा अस्सल आहे असा माझा दावा नाही. पण पोलाद उत्तम आहे एवढं नक्की.

मूठ मात्र दोन्ही बाजूंनी दोन रंगांची. डब्यात जी बाजू खाली होती ती गडद तपकिरी, बाबूजींच्या शब्दांत ‘खजुरासारखी’. वरची बाजू फिकी, पिवळट, त्यावर शाईचा एक काळा डाग आणि एक बारीक तडा. एक खिळाही ढिला. बाबूजी म्हणाले, “सूनबाई, हा नीट करून दे. दोन्हीकडून एका रंगाचा होता तो. मला एकदा त्याने बोरू करायचा आहे.”

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, “मूठ कशाची आहे?”

कशाची आहे हे ओळखायला मी दोन दिवस घेतले. आधी मलाही ते लाकूड किंवा शिंग वाटलं होतं. तुमच्याकडेही असा डबा असेल, म्हणून जे कळलं ते लिहून ठेवते.

डाग, दागिने पाहायचं साधं भिंग घ्या. हाड असेल तर पृष्ठभागावर अगदी बारीक काळपट ठिपके आणि छोट्या छोट्या रेघा दिसतात, कुणी टाचणीने टोचल्यासारख्या. हस्तिदंत असेल तर ठिपके नसतात. आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. शिंगात ठिपके नसतात, पापुद्रे असतात, कडेला ते सुटायला लागतात. आणि सगळीकडे एकसारख्या, सरळ, समांतर रेघा असतील तर बहुतेक सेल्युलॉइड, म्हणजे हस्तिदंताची नक्कल. त्याला अंगठ्याने जोरात घासून गरम केलं की कापराचा वास येतो.

आमच्या डब्यातला तिसरा चाकू तसाच निघाला. सेल्युलॉइड हे कापसापासून केलेल्या एका पदार्थात कापूर घालून बनतं. 1870 च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हयाट ह्यांनी ते बाजारात आणलं, आणि त्यामागचं एक कारण बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंत परवडेना हे होतं. मी बाईंना सांगितलं तर त्या खुश झाल्या. “म्हणजे कापूस आणि कापूर? मग हा ठेव की घरात!” त्यांना पुढचं सांगावं लागलं की हे फार लवकर पेटतं, ते शेगडीजवळ ठेवायचं नाही आणि गरम सुई टोचून पाहायची तर अजिबात नाही. (गंमत अशी की पुढे ह्याच सेल्युलॉइडच्या फिल्मवर सिनेमे निघाले, आणि फिल्मवरचा पातळ थर जिलेटिनचा, म्हणजे पुन्हा हाडं-कातडीचाच. बाईंना हे मी सांगितलेलं नाही. त्यांनी ‘संपूर्ण रामायण’ तीनदा पाहिलाय.)

हस्तिदंताचंही सांगून टाकते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1986 साली दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, आणि 1991 च्या दुरुस्तीने आफ्रिकेतलाही. घरात निघाला तर विकायचा नाही, कुणाला भेट द्यायचा नाही, वनखात्याकडे विचारायचं. सांबराच्या शिंगाच्या मुठींचंही तसंच. शेफील्डचे कारागीर एकेकाळी ही शिंगं आपल्याकडूनच नेत. ऑनलाइन ‘जुना चाकू, शिंगाची मूठ’ अशी जाहिरात टाकायचा मोह झाला तर आधी हे आठवा. माझ्या भाच्याला झाला होता.

कलमतराशाच्या मुठीवर ठिपके होते. भरपूर. हाडच, गुराच्या पायाच्या नळीचं असावं. चाकूंच्या मुठींना तेच वापरत.

ते ठिपके म्हणजे काय हे वाचल्यावर मी भिंग खाली ठेवलं. हाडातून बारीक नळ्या जातात. जिवंतपणी त्यातून रक्तवाहिन्या जात असतात. मुठीवर दिसतात ती त्या नळ्यांची कापलेली तोंडं. आपण पंचेंद्रिय जीव म्हणतो, पाठ म्हणतो, खामणा करतो, पण इतक्या जवळून, इतक्या साध्या ठिपक्यांच्या रूपात तो जीव मी पाहिला नव्हता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं, सातासमुद्रापलीकडचं एखादं गुरू. त्याच्या रक्ताच्या वाटा बाबूजींच्या अंगठ्याखाली.

बाईंना मी खरं तेच सांगितलं. त्यांनी डबा ओसरीवर ठेवायला लावला. त्यांची बैठक म्हणजे सामायिक-स्वाध्यायाची खोली, आणि असज्झायच्या नियमांत हाडाचा उल्लेख येतो हे त्यांना पाठ आहे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आपण बोन चायनाचे कप घेत नाही, कारण त्यात हाडाची राख असते. वर्ख लावलेली मिठाई घेत नाही, कारण तो कातड्याच्या पानांत ठेवून कुटत आलेत. मग हे उघड हाड रंगवून, सजवून घरात ठेवायचं?

बाबूजींचं म्हणणंही सरळ होतं, आणि ते ऐकल्यावर माझी पंचाईत वाढली. गेल्या वर्षापासून ते एकेक वस्तू सोडत आहेत. परिग्रहाची मर्यादा त्यांनी तरुणपणीच घेतली होती, आता ती आवळत आणलीय. घड्याळ नातवाला दिलं. कोट चार होते, एक ठेवला. जे सोडलं ते मनाने वोसिरवायचं, की आता ह्याच्याशी माझा संबंध नाही, ह्याने पुढे जे होईल त्यात माझा वाटा नाही. चाकू म्हणजे तर अधिकरण, हिंसेचं साधन. ते न सोडता माणूस गेला तर मागे त्याचा दोष चालू राहतो अशी आपली समजूत. “मग नीट कशाला करायचा? आहे तसाच सोडा,” बाई म्हणाल्या. त्यावर बाबूजी जरा चिडूनच बोलले, “मोडका सोडला तर काय सोडलं? माडीवर साठ वर्षं तो सुटलेलाच होता!”

त्या चौमासात आमच्या स्थानकात महासतीजी विराजमान होत्या. मी दुपारच्या वेळी जाऊन त्यांना विचारलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साधू-साध्वी असल्या बाबतीत ‘कर’ म्हणत नाहीत. ज्यात हिंसेचा अंश आहे अशा कामाची आज्ञा त्या देत नाहीत, रंगवू की नको ह्याचं उत्तर त्या देणारच नव्हत्या. त्यांनी मला माझंच प्रतिक्रमण पुन्हा नीट म्हणायला लावलं. सातव्या व्रतात पंधरा कर्मादानं येतात, ‘उपासकदशांग’ सूत्रात आनंद श्रावकाच्या कथेत ती आहेत. आपण ती एका दमात म्हणून टाकतो. त्यात दंतवाणिज्य आहे, म्हणजे दात, हाडं, शिंगं ह्यांचा व्यापार. त्याच्या लगेच पुढे लाक्षावाणिज्य, लाखेचा व्यापार. आणि आठव्या व्रतात, अनर्थदंडाच्या चार प्रकारांत, हिंसाप्रदान. हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं.

घरी येताना रिक्षात ते डोक्यात घोळत होतं. दंतवाणिज्य म्हणजे विकायचा नाही, ठीक. हिंसाप्रदान म्हणजे भाच्यालाही द्यायचा नाही, कारण तो त्याने काय करील हे आपल्या हातात नाही. आणि लाख? लाखेचं आपल्याला काय, असं वाटत होतं, पण जुन्या मुठी बसवायला लाखच वापरतात हे घरी येऊन बाबूजींनीच सांगितलं. पात्याचं शेपूट तापवायचं, मुठीच्या भोकात लाख किंवा राळ भरायची आणि शेपूट आत दाबायचं. लाख हा किड्यांचा स्राव, तो मिळवताना असंख्य किडे मरतात. पॉलिशवाले जे चपडं लावतात तेही लाखच. लाकूडकामाचा सरस हाडं-कातडी उकळून करतात. मधमाश्यांचं मेण तर आपण विचारातही घेत नाही. म्हणजे एक जुनं हाड नीट करायला गेलं तर नवीन चार हिंसा वाटेवर उभ्या. मी ठरवलं की काम करायचं, पण त्यात एकही नवीन जीव घालायचा नाही. बाईंना हे सांगितलं. त्या “बरं” म्हणाल्या नाहीत, पण ओसरीवरचा दिवा मात्र त्यांनी मला मोठा लावून दिला.

कामाचं सांगते, कारण मैत्रिणींचे फोन त्यासाठीच येतात.

हाडाचा शत्रू पाणी. जुन्या मुठीचे सुरी-चाकू सिंकमध्ये भिजत टाकायचे नाहीत. हाड पाणी पितं, फुगतं, वाळताना तडकतं, आणि लाखेने बसवलेली मूठ गरम पाण्यात सुटून हातात येते. दुसरा शत्रू आंबट. पितळेला आपण चिंच-लिंबू लावतो, ते हाडाला कधीही लावायचं नाही. हाडाचा साधारण दोन-तृतीयांश भाग खनिज असतो, कॅल्शियमचं, आणि आंबटाने तोच विरघळतो. ब्लीचही नको. मी फक्त ओलसर, पिळलेल्या फडक्याने, दोन थेंब सौम्य साबण लावून पुसलं, लगेच कोरडं केलं, मग सर्जिकल स्पिरिटने तेलकटपणा काढला. जुन्या हाडात हातांचं तेल मुरलेलं असतं, ते असेल तर रंग धरत नाही. हे करताना मनात आलं की हे तेल म्हणजे तीन पिढ्यांच्या तळव्यांचं, आणि ते मी पुसून टाकतेय. पण पुसलं.

शाईच्या डागावर तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड कापसाने लावून पाहिलं. काही झालं नाही, व्हायचंही नव्हतं. बोरूची शाई काजळाची, आणि काजळ म्हणजे कोळसा, तो कशानेच उडत नाही. डाग राहू दिला.

तड्यात टाचणीच्या टोकाने अराल्डाइट भरलं. ढिला खिळा मात्र मी हात लावायचं धाडस केलं नाही. गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांनी छोट्या हातोडीने दोन टिचक्या मारून तो घट्ट केला. पैसे घेतले नाहीत, चाकू पाच मिनिटं उलटसुलट करून पाहिला एवढंच. पात्याचा गंज केरोसिन आणि सगळ्यात बारीक स्टीलवूलने निघाला, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब.

आणि मग रंग.

कारागीर लोक हाडाच्या पट्ट्या मुठीला लावण्याआधीच रंगाच्या कोमट पाण्यात तासन्‌तास ठेवतात. पूर्वी तांब्याच्या कळकाने हिरव्या करत, वनस्पतींच्या रंगाने तपकिरी. पण आमच्या पट्ट्या चाकूला जडलेल्या, आत पोलादाची स्प्रिंग. बुडवणं शक्यच नव्हतं. कापसाच्या बोळ्याने, थरावर थर, एवढाच मार्ग. शिवाय प्रत्येक जाणकार सांगतो की आधी टाकाऊ तुकड्यावर रंग करून पाहा. आता आम्ही हाडाचा टाकाऊ तुकडा आणायचा कुठून? खाटकाच्या दुकानासमोरून जाताना मी आजही रस्ता बदलते. दुसऱ्या चाकूने सोय केली. त्याची मूठ कधीच दुभंगलेली होती, तिचा एक पापुद्रा नखाने निघाला. त्याच्यावर तीन रंग करून पाहिले.

चहाचा दाट काढा लावला तर सुंदर पिवळा आला, जुन्या पुस्तकाच्या पानासारखा, पण खजूर नव्हे. हिरड्याचा काढा आणि त्यावर हिराकसाचं पाणी लावलं तर राखाडी-काळा, अगदी उदास. पूर्वी शाईसुद्धा ह्याच जोडीने करत, त्यामुळे नवल नाही. तिसरा काथ. पानात घालतात तो खैराचा काथ, गरम पाण्यात विरघळवून, गाळून. लालसर तपकिरी. दोन थर चहाचे आणि त्यावर काथाचे, असं केलं तेव्हा पापुद्रा त्या खालच्या बाजूच्या रंगाच्या अगदी जवळ गेला. (लाल मिरची का नाही, असं आमच्या शहाद्याच्या मावशींनी विचारलं. नंदुरबारकरांना मिरची आधी सुचणारच! पण मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, आणि तो उन्हाने उडतो. शिवाय ती मूठ धरून कुणी डोळ्याला हात लावला तर?)

पात्याला आणि धातूच्या टोप्यांना चिकटपट्टी लावली, कारण चहा-काथातल्या तुरटपणाने पोलाद काळं पडतं. रोज रात्री एक थर. मध्ये सावलीत, हवेवर वाळवायचं, उन्हात नाही, पंख्याखाली नाही. पावसाळी हवेत एकेक थर वाळायला दीड-दोन दिवस लागत होते. पर्युषणाचे आठ दिवस काम बंद ठेवलं. बाबूजींनी त्या दिवसांत एकदाही विचारलं नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या थराला ते दिसायला लागलं. रंग सपाट भागावर हलका बसतो आणि त्या नळ्यांच्या तोंडांत शिरून तिथे गडद होतो. भिंगाशिवायही आता ठिपके दिसत होते. मी जितका रंग देत होते तितका तो जीव वर येत होता. माझी समजूत होती की रंगाने हाड झाकलं जाईल, लाकडासारखं दिसेल, बाईंनाही बरं वाटेल. घडलं उलट. त्या रात्री मी बोळा ठेवून दिला आणि ओसरीवरच बसून राहिले. मग मनात त्या मुक्या गुराला मिच्छामि दुक्कडं म्हटलं. संवत्सरीला आपण चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींना म्हणतो, ते फार मोठं पडतं. हे एकाला होतं. ते मारणारी मी नव्हते, विकत घेणारीही नव्हते, पण ते माझ्या हातात होतं आणि मी ते सुंदर करत होते.

शेवटी तेल. खोबरेल लावू नका, काही महिन्यांनी खवट होतं. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं ते घ्या. खनिज तेल आहे, खवट होत नाही. दुकानदार काळजीने विचारतो की पोट कुणाचं साफ होत नाहीये, तेवढं ऐकून घ्यावं लागतं. अगदी थोडं, फडक्याने चोळून, रात्रभर ठेवून, सकाळी पुसून.

दोन्ही बाजू हुबेहूब एक झाल्या नाहीत. नवी बाजू किंचित लाल आहे. बाबूजींना तो फरक दिसण्यासारखा नाही, पण त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, “शाईचा डाग आहे ना? तो माझा आहे. पहिल्या दिवशी दौत सांडली होती.” बोटांना डाग कसा लागला देव जाणे.

बाईंनी मूठ हातात घेतली नाही. पण वाकून पाहिली, बराच वेळ. मी त्यांना ठिपक्यांचं सांगितलं. “नाडी आहे का त्या?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. “मग बरं झालं झाकलं नाहीस.” एवढं बोलून त्या आत गेल्या.

धनतेरसच्या दोन दिवस आधी बाबूजी ओसरीवर बसले. बोरू जुनेच होते, डब्यातले, वाळून हाडासारखे कडक झालेले. मला वाटलं एखादा करतील, हौस फिटेल. डोळ्यांना दिसत नव्हतं तरी हात चालत होते. तिरका तास, पालथा करून चीर, नखावर टेकवून टोक छाटणं. दुपारपर्यंत त्यांनी सात केले. मध्ये दोनदा पाणी प्याले. मग सातही दोऱ्याने बांधले, चाकू मिटवला आणि माझ्या हातात दिला. “ह्याची धार मारून आण.”

बाजारात सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे शिकलगार दादा बसतात. त्यांना मी समजावून सांगितलं की लावायची नाही, घालवायची आहे. त्यांनी दोनदा विचारलं. “ताई, एवढ्या चांगल्या पोलादाची?” मी म्हटलं, “घरातल्या मोठ्यांचा नियम आहे.” ते जरा थांबले, मग चाकावर पातं आडवं धरून कड गोल करून दिली. बोट फिरवून पाहिलं, चमच्याची कड असते तशी. वीस रुपये झाले.

संध्याकाळच्या प्रतिक्रमणाआधी बाबूजींनी तो वोसिरवला. आता तो माडीवर वह्यांच्या पेटीत आहे, बाईंच्या बैठकीपासून दूर. त्याच्यावर कुणाचं नाव नाही आणि त्याने काही कापता येत नाही. सेल्युलॉइडचा चाकू वेगळ्या डबीत, चुलीपासून लांब. दुसऱ्याचे तुकडे मी कापडात बांधून ठेवलेत, त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. तापीत सोडायला प्रकाशाला न्यावेत असं मोठ्या जाऊबाईंचं मत आहे, मला पाण्यातल्या जीवांत आणखी एक वस्तू टाकणं पटत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हिशेब कॉम्प्युटरवरच असतो, पण एक वही आम्ही अजून पुजतो. तिच्या पहिल्या पानावर बाबूजींनी स्वतः श्री लिहिला, काजळाच्या शाईने. हात थरथरला आणि शेवटचा फराटा पानाच्या कडेपर्यंत गेला. त्याला एक बोरू लागला. दोऱ्यात आता सहा आहेत.